धबधब्याची वाट

खर्डीपलीकडच्या डोंगरातला धबधबा आदेशशेठला दाखवला तो सारिकाच्या बापानं, सावळारामनं. पायवाटा, झरे, पावसात घसरणारे कातळ, सगळं त्यानं चार दिवस हिंडून दाखवलं. शेठनं पायथ्याला रिसॉर्ट बांधलं आणि डोंगराच्या वाटेवर फाटक घातलं. पुढच्या श्रावणात सावळाराम अळंबी काढायला निघाला, तर फाटकावर त्याला चोर म्हणून धरलं. पाहुण्यांदेखत शेठनं त्याच्या कानाखाली लगावली. सावळाराम पुन्हा डोंगर चढला नाही. दोन वर्षांत खंगून वारला.

सारिका तेव्हा बारावीत होती. तिनं आपल्या वाडीच्या वनहक्काच्या दाव्याचा पाठपुरावा केला. सात वर्षं शहापूरच्या कचेरीत खेपा घातल्या, तेव्हा कुठे डोंगर वाडीच्या ग्रामसभेच्या ताब्यात आला. आता धबधब्यावर कुठल्या वाटेनं जायचं, दिवसाला किती माणसं सोडायची, हे वाडी ठरवणार होती. आराखडा सारिकानंच केला. गाड्या माळावर, वाट वाडीतून, वाटाडे वाडीतले. फाटकाची वाट बंद.

शेठ सभेला आला. "मॅडम, ही जागा मी नावारूपाला आणली. तुमच्या पोरांना कामं देईन. माझी वाट तेवढी राहू द्या."

"तुमाला वाट दाखवली कुनी?"

"होता एक इथलाच."

"नाव काय त्याचं?"

शेठ आठवू लागला. तिनं घाई केली नाही. अख्खी वाडी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही आठवत," तो शेवटी म्हणाला.

सात वर्षं घोकलेलं बोलणं तिनं गिळलं. "आराखडा मंजूर असंल तर हात वर करा," एवढंच म्हणाली. एक सोडून सगळे हात वर गेले. चुलतभाऊ मनोज तसाच बसला. तो रिसॉर्टात आचारी होता.

परतताना आईनं, बाईजानं विचारलं, "झालं गो समाधान?"

"अजून नाय."

दुसऱ्या दिवशी वाडीच्या हद्दीतलं ते फाटक तिनं पहार घेऊन माणसांसोबत उखडलं. दिवाळीपर्यंत रिसॉर्टाच्या निम्म्या खोल्यांना कुलपं लागली. मनोजचं काम गेलं, तो तिच्याशी बोलायचा थांबला. तिला वाईट वाटतं. तरी दर शनिवारी ती वाकडी वाट करून रिसॉर्टावरून जाते. रिकाम्या अंगणात शेठ एकटाच बसलेला दिसला की पाय मुद्दाम सावकाश टाकते.