कुलपाची टीप

कुणाला टीप द्यायची आणि कुणाला नाही, यावरून हळूकाकांच्या घरात जेवढी वादावादी झाली, तेवढी सासर-माहेरच्या माणसांवरूनही झाली नसेल. काकूंचा नियम सरळ होता. ज्याचा हात आपल्या अंगाला किंवा अन्नाला लागतो, त्याच्यापुढे हात आखडता घ्यायचा नाही. म्हणजे न्हाव्याला द्यायची, वाढप्याला द्यायची, जिने चढून सिलिंडर आणणाऱ्याला तर द्यायचीच. नळवाल्याला नाही, कारण तो दर खेपेला एक गळती बंद करतो आणि दुसरी सुरू करून जातो. आणि मोबाईल दुरुस्त करणारे? ते आपल्या दुकानात, आपल्या खुर्चीत, पंख्याखाली बसतात, भावही आपणच ठरवतात. त्यांना कसली आलीय टीप?

त्या दुपारी मोबाईलच्या दुकानात बाकावर बसून, खिशातल्या खिशात नोटा चाचपणाऱ्या नवऱ्याला पाहून काकूंनी कपाळावर हात मारून घेतला असता. पण काका हिशोबात चुकत नव्हते, ते घाबरले होते.

हळूकाका शाळेची व्हॅन चालवायचे. नाव मुलांनी ठेवलेलं. सायकलवाले त्यांना मागे टाकून जायचे, म्हातारे रस्ता ओलांडताना त्यांना हात करून 'या, तुम्ही जा' म्हणायचे. पालकांना मात्र भारी कौतुक. एवढा सांभाळून चालवणारा माणूस मिळायला नशीब लागतं म्हणायचे. सांभाळून का चालवतात, ते फक्त काकांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. काकांना काचबिंदू होता. समोरचं लख्ख दिसायचं, पण कडेकडेने नजर जात चालली होती, डावीकडची तर गेल्यातच जमा. डॉक्टरीणबाईंनी हातवारे करून, कागदावर गोल काढून समजावलं होतं आणि शेवटी स्पष्ट सांगितलं होतं की स्टिअरिंगला हात लावायचा नाही. काकांनी मान डोलावली, थेंब विकत घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन काढली. गाडी बंद म्हणजे चूल बंद. शिवाय उभं आयुष्य ज्याने दुसरं काही केलं नाही, त्याने घरी बसून करायचं काय? थेंबांची बाटली त्यांनी व्हॅनमध्ये दडवली आणि घरी अवाक्षर काढलं नाही.

आज सकाळी त्यांनी करकचून ब्रेक मारला होता. डावीकडून एक बाई उगवल्या, कडेवर मूल. ब्रेकबरोबर समोरचा मोबाईल उडून लोखंडी पायरीवर आपटला. काका म्हणाले, "कुठून आल्या कोण जाणे." त्यावर पुढच्या सीटवरची बडबडी पोरगी म्हणाली, "काका, त्या केव्हाच्या तिथेच उभ्या होत्या." मुलं हसली. शाळेच्या फाटकापर्यंत काकांनी दुसरा गिअर टाकला नाही.

मुलांना सोडल्यावर दुपारी ते मुद्दाम लांबच्या, अनोळखी वस्तीतल्या दुकानात आले. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि कपाळावर भिंगाचा पट्टा चढवलेली एक तरुण मुलगी. तिने फुटलेली काच काढली, नवा डिस्प्ले बसवला आणि टच तपासायला कुलूप उघडून मागितलं. काकांनी आकडे दाबून दिले. ती पडद्यावर बोट फिरवू लागली, वरून खाली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. तेवढ्यात पडद्यावर एक मेसेज आला आणि बोट थांबलं.

काकांना बसल्या जागेवरून मजकूर दिसत नव्हता, पण दिसायची गरजही नव्हती. दवाखान्यातून आठवड्याला तोच निरोप यायचा: आपली बाजूची नजर फार कमी झाली आहे, वाहन चालवू नये, तपासणीला यावे. मुलीने वाचलं. मग मान वळवून तिने दाराबाहेर उभ्या पिवळ्या व्हॅनकडे पाहिलं. व्हॅनवर शाळेचं नाव हे एवढं मोठं लिहिलेलं. मग तिने काकांकडे पाहिलं आणि पुन्हा बोट फिरवायला लागली.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आता ही काय करणार? शाळेला फोन करणार? की नाही करणार? आणि टीप किती द्यायची?

टीप हा काय प्रकार असतो, हे काकांना कुणी शिकवायला नको होतं. शाळेच्या व्हॅनआधी ते भाड्याची गाडी चालवायचे. स्टँडवर ड्रायव्हर लोकांनी टिपेच्या तीन जाती पाडल्या होत्या. सुटे पैसे राहू द्या म्हणणाऱ्याची टीप म्हणजे 'चहा'. सामान उचललं, वेळेवर पोचवलं म्हणून खुशीने दिलेली ती 'शाबासकी'. आणि तिसरी 'कुलूप'. गिऱ्हाईक नको त्या ठिकाणी जातं, नको त्या माणसाबरोबर बसतं आणि उतरताना भाड्याहून जास्त टीप हातात कोंबतं, ते कुलूप. ते कशासाठी हे कुणी बोलायचं नाही. कुलूप घेतलं की तोंड बंद. आणि तोंड उघडायचंच असेल, तर आधी कुलूप परत करायचं. स्टँडवर भांडकुदळ होते, चहाटळ होते, पण हा नियम कुणी मोडला नाही.

काकांनी बसल्या बसल्या विचार केला. काहीच दिलं नाही, तर मुलगी बोलायला मोकळी. चहा दिला तरी मोकळीच, वर चिकट म्हणेल. शाबासकी द्यावी तर तिने असं काय केलंय, काच तर बसवली. राहता राहिलं कुलूप. ते दिलं की आपण लपवतोय ही कबुलीच झाली. दोन्हीकडून फास. त्यांनी दुरुस्तीचे पैसे टेबलावर ठेवले आणि खिशात होत्या नव्हत्या त्या सगळ्या नोटा त्यावर ठेवल्या.

"हे तुम्हाला, ताई."

मुलीने नोटा पाहिल्या. काकांना वाटलं आता ही झापणार, किंवा निदान विचारणार तरी. तिने त्या शांतपणे खणात सरकवल्या आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मी कुणाला काही बोलणार नाही, काका. निश्चिंत जा."

काका बाहेर येऊन व्हॅनमध्ये बसले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. जे विकत घ्यायला आले नव्हते तेसुद्धा मिळालं होतं. पण किल्ली फिरवायला हात उचलेना. भीती कमी व्हायच्या ऐवजी आता थेट छातीवर बसली होती. डॉक्टरीणबाई दूर, त्या नुसते निरोप धाडणार. काकूंना ठाऊक नाही. पालक कौतुक करतात. मुलं हसतात. अडवू शकेल असं एक माणूस आज चुकून भेटलं, त्याचं तोंड आपण आपल्या हाताने बंद करून आलो. आता आपल्याला अडवणारं जगात कुणी नाही. थोड्या वेळाने शाळा सुटेल, पोरं दप्तरं आदळत गाडीत चढतील, आणि आपण निघू. आपण निघणारच, कारण स्वतःला थांबवणं आपल्याला जमत नाही. सकाळी ब्रेक लागला. संध्याकाळी लागला नाही तर?

आपण मुलीला भीत नव्हतो, हे त्यांना तिथे, त्या सीटवर उमगलं. ती सांगेल याची नव्हे, तर आता ती सांगणार नाही याची त्यांना भीती वाटत होती.

ते उतरले. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून परत दुकानात शिरले.

"ताई, ते पैसे परत द्या."

मुलगी चपापली. तिला वाटलं भांडण होणार. तिने घाईघाईने खण उघडला, नोटा पुढे केल्या आणि म्हणाली की मला घेताना बरं वाटलं नव्हतं, पण तुम्ही एवढे घाबरलेले दिसलात की नाही म्हणता आलं नाही. काकांनी नोटा मुठीत घेतल्या. आता ही मोकळी झाली. आता हिला बोलता येईल. त्यांनी मोबाईल तिच्यासमोर ठेवला.

"बाळा, माझ्या बायकोला फोन लाव. 'घर' म्हणून नंबर आहे. जे वाचलंस ते तिला सांग. माझ्याच्याने होत नाही."

मुलीने कपाळावरचा पट्टा काढून ठेवला. नंबर लावला. सुरुवातीलाच सांगितलं की काका ठीक आहेत, माझ्या दुकानात बसलेत. मग निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला आणि काकूंना विनंती केली की शाळेत कळवा, मुलांना न्यायला आज दुसरी गाडी पाठवा. मग मुलीने फोन काकांच्या कानाला लावला. त्यांना तो धरवत नव्हता, म्हणून तीच धरून उभी राहिली.

"किती दिसत नाही?" काकूंनी विचारलं.

"डावीकडचं काहीच नाही." हे वाक्य काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं.

"घरात दाराला धडकता, पेला सांडता. मला वाटलं प्यायला लागलात. रोज रात्री तुम्ही झोपलात की मी तुमच्या तोंडाचा वास घेते." काकूंचा आवाज फाटला. "वास यायचा नाही. मग मला जास्तच भीती वाटायची."

"किल्ली त्या मुलीकडे द्या," काकू म्हणाल्या. "आणि बसा तिथेच. मी न्यायला येते."