पोटातलं शिसं

ब्रश तिसऱ्यांदा हातातून निसटला तेव्हा बायकोने तो उचलला नाही. पिवळ्या डोळ्याच्या मधोमध काळा ठिपका द्यायचा होता. त्याऐवजी लाकडी माशाच्या गालावरून पार शेपटीपर्यंत काळा फराटा ओढला गेला होता.

"राहू दे," टर्नर म्हणाला. "पुसतो मी."

त्याने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. पुसता पुसता खालचे खवलेही फिसकटले. दोन दिवसांचं काम होतं. त्याने ओठ घट्ट मिटले, पण मग राहवलं नाही.

"लक्ष कुठे असतं तुझं हल्ली?"

"हातात जोर नाही," ती म्हणाली. उजवा हात तिने मांडीवर ठेवला होता. मनगटातून तो असा वाकला होता, की बघणाऱ्याला वाटावं, तिने मुद्दामच सैल सोडलाय.

कारखान्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्लीत त्याला टर्नरच म्हणत. लेथ सुटलं, पण हात स्वस्थ बसेनात. आधी तो नुसता तळ्यावर गळ टाकून बसायचा. मग दुकानातली प्लॅस्टिकची आमिषं त्याच्या मनास येईनात, म्हणून त्याने स्वतःच लाकडी मासे घडवायला घेतले. बोटभर लांबीचा हलक्या लाकडाचा तुकडा, चाकूने आकार, पोटात करवतीने खाच, खाचेतून तार आणि तारेखाली वितळलेलं शिसं. शिसं पडल्याशिवाय मासा पाण्यात सरळ राहत नाही, उताणा होतो. ते तो स्वयंपाकघरात शेगडीवर, एका जुन्या पळीत वितळवायचा. खिडकी उघडी असली की झालं, असं त्याचं म्हणणं.

पुढचं काम बायकोचं. खाच बुजवून अस्तराचा शेंदरी रंग दिला, की तो पॉलिशपेपरने घासायचा, धूळ फुंकायची, परत रंग, परत घासणं. कारखान्यात यंत्रांच्या सांगाड्यांना लावतात तो हा रंग. निवृत्त होताना त्याने त्याचा जडशीळ डबा घरी आणला होता. मग पडद्याच्या जाळीचा तुकडा माशावर ताणायचा आणि वरून रंग टिपायचा. जाळी उचलली की खाली खवले उमटलेले असत. ही युक्ती तिची. शेवटी डोळे. त्यासाठी ब्रशाला बारीक टोक लागे, ते ती ओठांत धरून काढायची.

आमिषांचा दुकानदार म्हणायचा, "टर्नरसाहेब, तुमच्या माशांनी मासे लागतात का ते माहीत नाही, गिऱ्हाईक मात्र पटकन गळाला लागतं." टर्नर हे घरी येऊन सांगायचा तेव्हा ती म्हणायची, "डोळे माझे आहेत, म्हणावं."

त्या फराट्यानंतर चार दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीने तिला दवाखान्यात नेलं. टर्नर तळ्यावर होता. मेव्हणीचं आणि त्याचं तसंही विळ्याभोपळ्याचं सख्य. ती तो नसतानाचीच वेळ साधून यायची. संध्याकाळी बायकोने एवढंच सांगितलं, की रक्त घेतलंय, आणि हात बरा होईपर्यंत मी ब्रश धरणार नाही. त्यानंतर शेगडीवर शिसं चढलं, की ती उठून शेजारी जाऊन बसू लागली. टर्नरला वाटलं, कामातून अंग काढून घेतेय.

रिपोर्ट घ्यायला तिने त्याला सोबत नेलं.

डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली होती. नाक पुसत त्यांनी कागद उलटला.

"रक्तात शिसं आहे. बरंच. मनगट त्यानेच पडलंय. पोटात कळा येतात, थकवा येतो, तोही त्याचाच."

टर्नरने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"घरात शिशाचं काही काम होतं का? वितळवणं, शिशाचा जुना रंग घासणं, असं काही?"

प्रश्न दोघांनाही होता. बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. टर्नर कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत होता. काटा शून्याच्या किंचित डावीकडे होता. बाहेर कुणीतरी नंबर पुकारला, एक बाक सरकलं, दार उघडून परत लागलं. डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या.

"लग्नाआधी मी छापखान्यात होते," शेवटी बायको म्हणाली. "शिशाचे खिळे जुळवायला."

"त्याला किती वर्षं झाली?"

"चाळीस."

"चाळीस वर्षांपूर्वीच्या शिशाने आज असा हात पडत नाही."

"घरी काही नाही," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि फाइल मिटली.

"घरात असं काही असेल, तर ते आजच्या आज बंद व्हायला हवं. नाहीतर मी औषध देऊन उपयोग नाही. सोमवारी दाखल व्हा."

परतताना टर्नरने पिशवी घेतली. रस्ता ओलांडताना तिचं कोपर धरलं. घर येईपर्यंत त्याने तीनदा घसा खाकरला, आणि तीनही वेळा ती थांबली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "आभाळ भरून आलंय."

"हं," ती म्हणाली.

घरी आल्यावर त्याने शिशाचे तुकडे, पळी आणि शेंदरी डबा गोणत्यात भरून मागच्या पडवीत नेऊन ठेवला.

"शिसं संपलंय," आत येऊन तो म्हणाला. "थोडे दिवस बंदच ठेवतो."

"बरं."

सोमवारी ती दाखल झाली. घरी येऊन त्याने फडताळातली भांडी बाहेर काढली. डबे, झाकणं, लाटणं सगळं धुतलं. ओल्या फडक्याने भिंती पुसल्या, खिडकीची चौकट पुसली, मग गुडघ्यांवर बसून फरशी. बादलीतलं पाणी करडं होत होतं. ते ओतून तो परत भरून आणत होता. कपाटामागे हात घातला तर बोटाला शेंदरी भुकटी लागली. सहा वर्षं इथेच पोळ्या लाटल्या जात होत्या.

मेव्हणी बहिणीचे कपडे न्यायला आली ती दारातच थांबली. त्याच्याकडे, बादलीकडे, ओट्यावर मांडलेल्या भांड्यांकडे तिने पाहिलं. एरवी तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, पण त्या दिवशी ती एकच शब्द बोलली.

"आता?"

कपडे घेऊन ती गेली. टर्नरने फडकं पिळलं आणि पुसलेली फरशी पुन्हा पुसायला घेतली.

चौथ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला. त्या जेवायला बसल्या होत्या. त्याने बसा म्हणायची वाट पाहिली नाही.

"शिसं मी वितळवत होतो," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात. सहा वर्षं. रंगही मीच आणलेला. ती घासायची. ब्रश तोंडात धरायची, मी बघायचो. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, आणि मी इथे बसून होतो."

डॉक्टरीणबाईंनी डब्याला झाकण लावलं.

"मला माहीत आहे."

त्यांनी फाइल काढून पहिलं पान त्याच्यापुढे केलं. नवरा घरी शिसं वितळवतो. पेशंट जुना रंग घासते, ब्रश ओठांत धरते. वर तारीख होती, मेव्हणी तिला घेऊन आली त्या दिवसाची.

"तुमच्या पत्नीने पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. मी म्हटलं, घरी जाऊन आधी ते काम बंद करायला सांगा. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन येते, त्यांच्यासमोर तुम्हीच विचारा."

"मग त्या दिवशी ती 'घरी काही नाही' असं का म्हणाली?"

"ते मी कसं सांगणार?" त्यांनी नाक पुसलं. "बाही वर करा. तुमचंही रक्त घ्यायचंय. त्यांनी दोनदा आठवण करून दिलीय."

सुई आत गेली तेव्हा त्याने विचारलं, "हात परत येईल ना?"

"थोडाफार येईल. किती, ते वर्षभर तरी सांगता यायचं नाही."

वॉर्डात बायको उशीला टेकून बसली होती. उजव्या हाताला फळी बांधली होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"डाव्या जिन्याने आलात," बायको म्हणाली. त्या बाजूला डॉक्टरीणबाईंच्या खोलीशिवाय दुसरं काही नव्हतं.

"सांगून आलो त्यांना."

"बरं केलंत."

तो स्टुलावर बसला. बाहीखाली कापसाचा बोळा दाबून धरला होता. तो त्याने काढला, पाहिला आणि खिशात टाकला.

"तू आधीच सांगितलं होतंस."

"हो."

"मग त्या दिवशी माझ्यासमोर...?"

डाव्या हाताने तिने पांघरुणाची चुणी सरळ केली, परत केली.

"मी थांबले होते," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल म्हणून. केवढा वेळ थांबले. मग डॉक्टरीणबाई तुमच्या तोंडाकडे बघायला लागल्या. ते मला बघवेना."

जेवणाची गाडी खडखडत आली. गाडीवाल्या बाईंनी ताट खाटेवरच्या फळीवर ठेवलं आणि त्या पुढे गेल्या. टर्नरने चमचा उचलला, वरणभात कालवला, फुंकर घातली आणि चमचा तिच्या तोंडाशी नेला.

तिने तोंड उघडलं नाही. डावा हात पुढे करून तिने चमचा त्याच्या बोटांतून काढून घेतला आणि स्वतःच जेवू लागली. तिला डाव्या हाताची सवय नव्हती. निम्मं तोंडात जात होतं, निम्मं पदरावर सांडत होतं. ते पुसायला तो रुमाल घेऊन पुढे वाकला.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि पुढचा घास भरून घेतला.