डाव्या बाजूची कड

मी गाड्यांच्या सीटा शिवतो. माझ्या हातून गेलेलं काम परत येत नाही, ही फुशारकी नव्हे. अंधेरीच्या कुर्ला रोडवर कुणालाही विचारा. फक्त बहात्तर सालच्या उन्हाळ्याबद्दल विचारू नका. त्या उन्हाळ्यात एक काम पुन्हा पुन्हा परत आलं, आणि तेही धड सीट नव्हे, तर डॅशबोर्डवरच्या कातड्याची हातभर कड.

गाडी मार्तंडरावांची. जुनी हिलमन, जास्त दुधाच्या चहासारखा रंग, पुढच्या दिव्यांवर आदल्या वर्षीच्या युद्धातल्या ब्लॅकआउटचा काळा रंग अजून अर्धा अर्धा तसाच. मार्तंडराव गोदीच्या ऑफिसातून रिटायर झालेले, चकाल्याला एका बैठ्या घरात भाड्याने राहायचे. एकटेच. बायको, रत्नप्रभाबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. गाडी इतकी हळू चालवत आणली की मागून येणाऱ्या टांगेवाल्याने त्यांना शिवी घातली.

डॅशबोर्डचं कातडं डाव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या पुढ्यात, सुटून वर आलं होतं. बाकी ठिकाणी बरं होतं. मी विचारलं, की मुळात हे कातडं आलं कुठून, कंपनीचं तर दिसत नाही. तर ते खुशीत येऊन सांगायला लागले. गाडी घेतली तेव्हा तिथे नुसता पत्रा होता. रत्नप्रभाबाई शेजारी बसायच्या आणि वळण आलं की पुढची कड घट्ट धरायच्या. उन्हात पत्रा तापायचा, हात भाजायचा. धरू नकोस म्हटलं तर म्हणायच्या, तुम्ही नीट चालवा, मी सोडते. शेवटी मार्तंडरावांनी पत्र्यावर कातडं चढवून घेतलं. नवऱ्याने चालवणं सुधारायचं सोडून कातडं लावलं, म्हणून त्या आयुष्यभर चिडवत राहिल्या.

मी म्हटलं, ठीक आहे, ठेवून जा. मला बोलणारी गिऱ्हाइकं आवडत नाहीत. हातात चिकटवायच्या सोल्यूशनचा ब्रश असताना कुणाच्या बायकोच्या गोष्टी ऐकायला मी काय कीर्तनाला बसलोय?

पण ते गेले नाहीत. सीटचा एक मोकळा सांगाडा पालथा पडला होता, त्यावर बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आले. येताना उडप्याकडून दोन चहा सांगून आले.

काम लवकर हवं म्हणाले होते, त्याचं कारण मला हळूहळू कळलं. खरं म्हणजे घाई त्यांना नव्हतीच, मुलाला होती. मुलगा चंद्रप्रकाश मुलुंडला नव्या ब्लॉकमध्ये राहायचा. बाप एकटा राहतो, रात्री काही झालं तर पाणी द्यायला कुणी नाही, म्हणून मागे लागला होता की घर सोडा आणि आमच्याकडे या. मार्तंडरावांनी टाळता टाळता एकदा कबूल केलं होतं, की गाडी चांगल्या हातात गेली की येतो, पण फाटकी गाडी विकणार नाही. मग मुलाने गिऱ्हाईकही शोधलं. घाटकोपरचे अंबादासशेठ, लग्नाला गाड्या भाड्याने द्यायचे. त्यांना गाडी पसंत पडली, डॅशबोर्ड तेवढा नीट करून द्या म्हणाले. म्हणजे हे कातडं बसलं की गाडी जाणार, आणि गाडी गेली की चकाल्याचं घर बंद. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान राग काढायला जागा मिळाली असती.

मी काम केलं. जुना गोंद खरवडला, पत्रा घासला, रापीने कातड्याची कड आतून तासून पातळ केली, दोन्हीकडे सोल्यूशन लावलं, हाताला चिकटेनासं झाल्यावर बसवलं आणि वरून लाकडी पट्टी आवळली. मार्तंडराव गाडी घेऊन गेले.

आठवड्याने परत. तीच जागा, तीच कड वर आलेली.

शेजारच्या गॅरेजमधला लहू दात काढायला टपलेलाच असतो. त्याने सगळ्यांसमोर विचारलं की दत्ताराम, थुंकी लावून चिकटवतोस काय रे? मी म्हटलं, उन्हाने झालं असेल, जुनं कातडं आहे. तर म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडं. त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या वेळेला मी नवीन सोल्यूशनचा डबा फोडला आणि पट्टी दोन दिवस जास्त ठेवली.

मार्तंडराव रोज संध्याकाळी यायचेच. मी बोलत नसे, ते बोलत. मग एके दिवशी त्यांनी विचारलं की तुझ्या बायकोचं नाव काय. मी थबकलो. वीस वर्षं मुंबईत आहे मी, आधी गिरणीत, मग या धंद्यात. बायको कुठे असते, मुलं किती, हे पुष्कळांनी विचारलं, पण तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, मालन. ती मालवणकडे गावी असते, माझी म्हातारी आई आहे, आंब्याची चार कलमं आहेत, ती सोडून येता येत नाही. शिमग्याला आणि गणपतीला मी जातो. बाकीचं वर्ष दुकानातच झोपतो, मशीनच्या पायाशी. मालन कशी हसते, असं काहीतरी त्यांनी पुढे विचारलं, आणि मला पटकन आठवेना. त्या रात्री आठवत बसलो. तेव्हापासून संध्याकाळ झाली की माझी नजर रस्त्याकडे जायला लागली. त्यांना उशीर झाला की मी उगाच चिडायचो आणि लहूवर ओरडायचो.

गाडी गेली आणि पुन्हा आली. तीच कड.

या वेळी मी चष्मा लावून नीट बघितलं. चिकटवलेलं सुटलं की कातडं आतून स्वच्छ निघतं. हे तसं निघालं नव्हतं. सोल्यूशनने कातडं सोडलं नव्हतं, कातड्याचाच पापुद्रा फाटून पत्र्याला चिकटून राहिला होता. आणि कडेला ओळीने चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा होत्या. नखाच्या.

माझं डोकं फिरलं. अख्ख्या रस्त्यात माझं नाव घालवलं, आणि कुणी, तर ज्याचा चहा मी रोज पितो त्याने. संध्याकाळी येऊ दे, म्हटलं, म्हातारा असो की कुणी असो, चार शब्द सुनावल्याशिवाय सोडणार नाही. ते आले. सांगाड्यावर बसले. चहाचा पेला धरलेल्या हाताचा अंगठा माझ्या समोरच होता, आणि त्याच्या नखात सोल्यूशनची काळी रेघ होती.

त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "आता अजून चार-पाच दिवस लागतील, नाही रे?"

विचारलं साधंच, पण आवाज मागणाऱ्याचा होता. माझ्या तोंडात आलेलं सगळं तिथेच विरलं. बंद गॅरेजमध्ये, उभ्या गाडीत, हा माणूस बायकोच्या जागेवर बसून तिची कड नखाने सोलत असेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. कातडं सुटलेलं असेपर्यंत घर त्याचं होतं.

"लागतील," मी म्हटलं. "आठ दिवस धरा."

असं आणखी किती चाललं असतं कोण जाणे. पण एका रविवारी सकाळी चंद्रप्रकाश आणि अंबादासशेठ दोघे दुकानावर आले. मार्तंडराव आधीच येऊन बसले होते. शेठचं म्हणणं सरळ होतं, लग्नसराई हातची चालली, गाडी आज द्या नाहीतर मी दुसरी बघतो. चंद्रप्रकाशने आवाज चढवला नाही. त्याने एवढंच विचारलं की हे तुमच्याच्याने होणारं काम आहे का, खरं सांगा, म्हणजे आम्ही दुसऱ्याला दाखवतो.

लहू काम टाकून दारात येऊन उभा होता. समोरचा पंक्चरवाला बघत होता. माझी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी मार्तंडरावांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"माझ्याच्याने होत नाही," मी म्हटलं. "दोनदा केलं. मला जमत नाही. आणि दुसऱ्याकडे नेलंत तरी हे कातडं बसायचं नाही."

हे बोलताना माझे कान तापले. माझ्या बापाने जरी मला सांगितलं असतं, की म्हण, मला जमत नाही, तरी मी म्हटलं नसतं. लहू हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही. त्याने मान खाली घातली, आणि ते मला जास्त लागलं.

शेठ म्हणाले, मग राहू दे, मी निघतो. चंद्रप्रकाशने कपाळावर हात मारला. म्हणजे झालं होतं. गाडी राहिली होती, घर राहिलं होतं, संध्याकाळचा चहा राहिला होता. माझ्या नावाची वाट लागली तर लागली.

तेवढ्यात मार्तंडराव उठले. मुलाजवळ गेले आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच्यासमोर धरला.

"चंदू, याचं काम चोख आहे. मी सोलत होतो. या नखाने."

चंद्रप्रकाशने तो अंगठा हातात घेतला, नखातली काळी रेघ बघितली, आणि बराच वेळ तसाच धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. पण मुलुंडला न्यायचं नाही, असं काही तो म्हणाला नाही. कसं म्हणणार? रात्री पाणी द्यायला चकाल्याला खरंच कुणी नव्हतं.

मार्तंडराव माझ्याकडे वळले. "तू खोटं का बोललास रे? या रस्त्यावरच्या नावावर पोट भरतोस तू. आता नीट बसव. मी हात लावणार नाही."

मी बसवलं. त्या दिवशी कुणीच जवळ बसलं नव्हतं. कड तासताना रापी दोनदा हातात लागली. संध्याकाळी अंबादासशेठ गाडी घेऊन गेले, आणि पुढच्या आठवड्यात मार्तंडराव मुलुंडला गेले. जाताना दुकानात आले होते. येत जाईन म्हणाले. मी म्हटलं, या. दोघांनाही माहीत होतं की मुलुंडहून अंधेरीला येणं त्या वयात सोपं नाही. ते आले नाहीत.

लहूने मला त्यानंतर कधी चिडवलं नाही. उलट आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, दत्तारामचं चिकटवलेलं देवही काढू शकणार नाही. उडप्याचा पोऱ्या पुष्कळ दिवस दोन चहा आणायचा. मी त्याला एकच आण असं सांगितलं नाही. दुसरा निवला की ओतून टाकायचो.

मार्गशीर्षात कुर्ला रोडवरून एक वरात चालली होती. झेंडूच्या माळांच्या आडून मी तो रंग ओळखला. दिव्यांवरचा काळा रंग शेठने काढून टाकला होता. बँडवाले थांबले म्हणून गाडीही दुकानासमोरच थांबली, तसा मी हातातलं टाकून धावलो आणि काचेतून आत डोकावलो. पुढे डाव्या बाजूला एक करवली बसली होती. गाडी हलली तशी तिने घाबरून समोरची कड घट्ट धरली.

ऊन झालं, अख्खा पावसाळा झाला, इतक्या लग्नांतले इतके हात लागले, आणि कड जिथल्या तिथे होती. एक पापुद्रा वर आलेला नव्हता. आता ते काम माझ्याकडे परत यायचं काही कारण उरलं नव्हतं. वरात पुढे गेली आणि मी रस्त्यातच उभा राहिलो. स्वतःच्या हातच्या कामाचा इतका राग मला कधी आला नव्हता.