टपावरचं ऊन

या माझ्या मायबापांनो, अशी लांब लांब काय बसलात? बुवा घोटभर चहा घेताहेत, टाळ खाली ठेवलेत, तोवर जरा पुढं सरका. म्हातारी माणसं इकडं कडेला टेका, लेकरं मांडीवर घ्या. पुन्हा मृदंग घुमायच्या आत एका मेंढक्याची गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. गोष्ट भीतीची आहे, आधीच सांगून ठेवलं. पण भ्यालेल्या माणसाच्या तोंडून देवाचं नाव जसं निघतं, तसं पोटभर जेवलेल्याच्या तोंडून निघत नाही, तेव्हा ऐका.

सिद्धू माणदेशातला. तिकडं पाऊस कमी आणि दगड फार. दिवाळी सरली की गवत संपतं, मग मेंढरं हाकत मावळतीला निघायचं, इस्लामपूरकडच्या ऊसपट्ट्यात. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची. लेंडीचं खत शेतकऱ्याला, रानातला चारा मेंढरांना, आणि वर धान्य मिळेल ते पदरात. आजा-पणजापासून हेच चाललेलं. बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, त्याच घोड्यावर जाळीत बांधलेली तान्ही कोकरं, आणि माणसं पायी.

सिद्धूनं मात्र घोडा विकला आणि शाळेची एक जुनी मिनीबस आणली. पोरं वाहून वाहून दमलेली पिवळी गाडी. बाकं उपसून टाकली, चुलीला जागा केली, भांड्यांना फळ्या ठोकल्या, आणि मागच्या बाजूला आईसाठी लाकडी पलंग बसवला. मागचं दार फळ्यांनी झाकून गेलं. खिडक्यांचे आडवे गज तसेच ठेवले. रानात चोराचिलटाचं भय.

वाटेनं लोक हसायचे. "सिद्धू, मेंढरांनाबी तिकीट फाडणार काय रं?"

सिद्धूची बायको सोनिया कुणाला हार जाणारी नव्हती. "फाडू की! तुमाला जागा न्हाई गावायची, तुमी लोंबकळत या."

गाडी घेतली ती हौसेनं नव्हे. सिद्धूची आई हरणाबाई दम्यानं बेजार होती. डॉक्टरनं वाफेचं मशीन दिलं होतं; तोंडावर मास्क लावायचा, औषधाची वाफ छातीत ओढायची, की श्वास मोकळा. पण मशीनला लाईट लागते, आणि उघड्या रानात लाईट कुठली? मागच्या सुगीत म्हातारीचा दम असा कोंडला की डोळे पांढरे व्हायची वेळ आली. सिद्धूनं आईला पाठीवर घेतलं आणि मशीन काखेत मारून ढेकळातनं पळत तो कुणाच्या तरी वस्तीवर गेला. दार वाजवत ओरडला, "भाऊ, एक बटण द्या, आईचा जीव चाललाय!" त्या दारानं बटण दिलं म्हणून हरणाबाई राहिली.

त्या दिवसापासून सिद्धूच्या मनात दोनच वाटा. एक तर गाडी घेऊन तिच्या टपावर उन्हाची, सोलरची लाईट करायची, नाहीतर आईला गावात घरी ठेवून निघायचं.

आईला विचारलं, तर ती म्हणाली, "गावात ठिवशील तर माघारी मढंच न्यायला यी. मी माणसावाचून र्‍हाईन बाबा, मेंढराच्या वासावाचून न्हाई र्‍हायची."

आता लाईट करायची म्हटलं तर सिद्धूचा जीव तिथंच अडायचा. त्याचा बाप मायाप्पा करंटनंच गेला होता. विहिरीच्या मोटरची वायर तुटून ओल्या सरीत पडलेली, त्याचा पाय त्यावर पडला. सिद्धूनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून घरातलं बटणसुद्धा तो उलट्या हातानं, काठीच्या टोकानं दाबायचा. अशा माणसानं आपल्या हातानं गाडीत करंट आणायचा! पण दुकानातला फिटर म्हणाला, "तुमचा तळ आज इथं, उद्या तिथं, कुठं हुडकत येऊ?" मग सिद्धूनं सामान गाडीत भरलं आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत स्वतःच बसला.

तळ तेव्हा आकाराम हवालदारांच्या रानात होता. फौजेतनं निवृत्त झालेले आकारामतात्या शेताच्या बांधावर खुर्ची टाकून बसायचे आणि हुकूम सोडायचे. "सावधान! ड्रिल सरळ धर गड्या."

सिद्धूनं टपाला पहिलं भोक पाडलं. आपल्याच घराला आपण भोक पाडतोय असं त्याला वाटलं. पाणी गळू नये म्हणून भोकात डिंक भरला, टपावर सोलरच्या दोन मोठ्या प्लेटा आवळल्या. वायरी मागच्या कोपऱ्यातनं आत घेतल्या, आईच्या पलंगाखालनं पुढं नेल्या, आणि ड्रायव्हरच्या सीटमागं आणल्या; तिथं बॅटरी, ती बेतानं भरणारा कंट्रोलर आणि तिच्यावर मशीन चालवणारा इन्व्हर्टर ठेवला होता. शेवटची जोडणी करताना बॅटरीच्या तोंडावर चट्‌कन ठिणगी उडाली. पान्हा खाली पडला आणि सिद्धू चाकाला पाठ लावून मटकन बसला.

"ती एवढीशी ठिणगी!" सोनिया म्हणाली. "चुलीतनं ह्याच्यापेक्षा मोठी उडती."

"चुलीनं माझ्या बापाला खाल्लं न्हाई," सिद्धू म्हणाला.

मग सोनियानंच पान्हा उचलून त्याच्या हातात दिला, आणि जोडणी पुरी होईपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मशीन सुरू झालं. हरणाबाईनं प्लेटांच्या कडेला भंडारा लावायला सांगितला, बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं, आणि मास्क तोंडाला लावून डोळे मिटले. गाडीत मशीनची घरघर आणि म्हातारीचा सरळ श्वास. सिद्धूला वाटलं, बाप कुठं असेल तिथून बघत असेल.

आकारामतात्यांनी गाडीत डोकं घालून पाहणी केली. "वायरी उघड्या टाकल्यास व्हय रं? पाइपातनं घे."

"घेतो की तात्या."

म्हणाला खरं, पण राहिलं. मेंढरं विण्याचे दिवस, रोज एखादी मेंढी अडलेली. वायरींकडं बघणार कोण?

आणि मेंढक्याच्या घरात तान्ह्या कोकरांची जागा कुठं असते? म्हातारीच्या अंथरुणापाशी. दिवसा कळप चरायला गेला की कोकरं मागं राहतात, त्यांना ऊब लागते, आणि त्यांच्याकडं बघायला घरात तीच एक असते. हरणाबाईनं पलंगाखाली उसाच्या वाळल्या पाचटाचा मऊ बिछाना केला आणि कोकरं तिथं ठेवली. सिद्धूनं पाहिलं, सोनियानं पाहिलं. कुणाच्या मनातही काही आलं नाही. कोकरू पलंगाखाली नाही तर कुठं असणार? आणि दात शिवशिवणारं कोकरू समोर येईल ते चघळतं, हेही मेंढक्याला कुणी शिकवावं लागत नाही. दोन्ही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक. त्या एकमेकींना जोडायच्या तेवढ्या राहिल्या.

भर दुपार होती. वारा धूळ उडवत होता म्हणून हरणाबाईनं दार ओढून घेतलं होतं आणि ती मास्क लावून पडली होती. सिद्धू बांधापलीकडं मेंढरांत, सोनिया पाण्याला. अचानक कुत्रं भुंकायला लागलं. लांडगा आला की भुंकतं तसं नव्हे, रडल्यासारखं. सिद्धूनं मान वळवली. गाडीच्या मागच्या खिडकीतनं धूर येत होता.

तो कसा पळाला ते त्याला पुढं कधी आठवलं नाही. खिडकीपाशी पोचला तर गजांमधनं आईचा हात बाहेर आलेला, आणि हातात कोकरू.

"आये! भाईर यी!"

"आदी हे घी," आतनं घोगरा आवाज आला. "घी म्हंते न्हवं!"

एक कोकरू, दुसरं कोकरू. मध्येच हात आत जायचा, खोकल्याची उबळ ऐकू यायची, आणि पुन्हा हात बाहेर. सिद्धू कोकरं घेऊन जमिनीवर ठेवत होता आणि "आये, आये" एवढंच म्हणत होता. मग हात आत गेला, तो आलाच नाही.

सिद्धू दाराकडं धावला. दार उघडून आत पाऊल ठेवलं आणि त्याला ते दिसलं. पलंगाखाली, जिथं कोकरांनी दोन्ही वायरींचं कातडं सोलून काढलं होतं, तिथं निळीपांढरी जीभ तडतडत होती. पाचट धुमसत होतं. त्यानं सीटमागं हात घालून बॅटरीची वायर उपसून काढली. तडतड थांबली नाही. कंट्रोलरची वायर ओढली. तरी थांबली नाही! सगळं तोडलं तरी ते जिवंत! आपण घरात काय आणून ठेवलं हे? त्याच्या डोळ्यांपुढं ओली सरी आली, बापाचा पाय आला. आई त्या निळ्या जिभेच्या पलीकडं पडलेली, आणि मध्ये गाडीचा पत्रा. पाय उचलेनात. माझ्या माउल्यांनो, आईसाठी जीव द्यायला तयार असलेल्या माणसाचे पाय उचलेनात, अशी ती भीती होती.

बांधावरनं आकारामतात्या बादली घेऊन धावत आले. "पानी डालो! बाजू हो!"

"पाणी नको तात्या!" सिद्धू किंचाळला. "ओल्यात न्हाई! ओल्यात न्हाई!"

घागर फेकून सोनिया आली होती. तिनं एकदा आत पाहिलं, एकदा वर पाहिलं. "आवं, त्येला वरनं खायाला मिळतंय! उनातनं! उनाचं तोंड झाका!"

सिद्धूच्या खांद्यावरचं घोंगडं तिनं हिसकलं आणि मागच्या शिडीवरनं टपावर चढली. एका प्लेटेवर घोंगडं टाकलं. तडतड कमी झाली, पण मिटली नाही. दुसऱ्या प्लेटेला झाकायला काही नव्हतं. तिनं पदर पसरला आणि स्वतःच त्या तापलेल्या काचेवर पालथी पडली, हात दोन्हीकडं फाकून, जणू लेकराला पोटाशी घेतलं. खाली काच भाजत होती, वर सूर्य. तिनं ओठ चावला, पण हलली नाही.

आत ती निळी जीभ लवलवली, आणि विझली.

"गेली का?" वरनं ओरड आली.

"गेली!" आकारामतात्या ओरडले. "जा गड्या, जा!"

तेव्हा कुठं सिद्धूचे पाय सुटले. धुरात घुसून त्यानं आईला ओढत बाहेर आणलं. तात्यांनी धुमसतं पाचट फावड्यानं दारातनं फेकलं आणि आता खुशाल बादली ओतली.

पण हरणाबाईचा श्वास! छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि हवा काही आत जात नव्हती. ओठ जांभळे पडले. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. तात्यांची जीप निघून दवाखान्यात पोचेपर्यंत हा दम टिकणार नाही, हे सिद्धूला मागच्या सुगीनं शिकवलं होतं. मशीन हवं, आत्ता हवं. आणि मशीनला ती बॅटरी हवी.

त्यानं बॅटरी उचलून रानात आणली, इन्व्हर्टर आणला. वायर हातात घेतली आणि हात तिथंच थांबला. पुन्हा ती ठिणगी. "बिरोबा," तो म्हणाला, "माझं काय बी कर, पर आईला श्वास दे." डोळे मिटून त्यानं वायर टेकवली. चट्‌! हात मागं आला नाही. त्यानं मळसूत्र आवळलं, मशीन घरघरलं, मास्क आईच्या तोंडावर बसला. मग तो गुडघ्यावर बसून तिची छाती बघत राहिला. एक श्वास अर्धा. दुसरा अर्धा. मग एक जरा लांब. त्या लांब श्वासाबरोबर सिद्धू लहान लेकरासारखा हुंदके द्यायला लागला.

पुढं दवाखाना झाला. सोनियाच्या हातांवर आणि पोटावर काचेनं भाजल्याचे फोड आले होते. हरणाबाई उशीला टेकून बसली तेव्हा सिद्धू तिच्याजवळ गेला.

"आये, तुला गावाकडं सोडतो. त्या प्लेटा उपसून टाकतो."

"भ्यालास व्हय?"

"व्हय. भ्यालो."

"मंग भीत भीत जोड," म्हातारी म्हणाली. "पर जोड."

"आणि तुमाला तिथं ठिवून ह्यो म्होरं जायाचा म्हंतोय का काय?" बाजूच्या खाटेवरनं सोनिया म्हणाली. "आत्याबाई, तुमी न्हाई तर ह्येच्याशी भांडायला मी कुणाला हाताशी धरू?"

सिद्धूनं पुन्हा जोडलं. या खेपेला वायरी लोखंडी पाइपातनं, वर छताच्या कडेनं नेल्या; कोकरं काही पलंगाखालनं हलणार नव्हती, म्हातारी हलू देणार नव्हती. फ्यूज घातले, प्लेटांपाशीच बंद करायचं बटण बसवलं. आकारामतात्यांनी सगळं तपासून सलाम ठोकला. मागचं दार मोकळं केलं. मेंढरं पुढच्या रानाला निघाली आणि पिवळी गाडी त्यांच्यामागं.

हरणाबाई आता गाढ झोपते. सोनिया झोपते, कोकरं झोपतात. सिद्धू मात्र जागा असतो. पलंगाच्या पायथ्याशी पडून तो नाकानं वास घेत राहतो, कानानं तडतड शोधत राहतो, मध्येच उठून पाइपावर तळहात ठेवतो, गार आहे ना बघतो. मग आईचा श्वास मोजत पडतो. भीती गेली नाही त्याची. भीतीला उशाशी घेऊन त्यानं आईला कळपाबरोबर ठेवलंय.

बुवा उठले बघा, मृदंगावर थाप पडेल आता. एवढंच मागणं आहे: आज घरी जाऊन देवापुढं हात जोडाल, तेव्हा आपल्या लेकराबाळांच्या नावाबरोबर सिद्धूचं नाव घ्या, आणि म्हणा, देवा, त्या मेंढक्याला आज घटकाभर डोळा लागू दे.