न वाचलेले पस्तीस

मावशीने आपल्या भाचीच्या, खारूताईच्या, दप्तरातून उत्तरपत्रिका काढल्या आणि तिच्या कपाळावर आठी पडली. गणित पस्तीस, भाषा पस्तीस, विज्ञान पस्तीस. मावशी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तीन वेगळ्या विहिरींच्या पाण्याचा आकडा एकच आला, तर दोष पाण्यात नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आत लाल शाईचा ठिपकाही नव्हता. विज्ञानाच्या चौथ्या प्रश्नाखाली उत्तराऐवजी भाचीने सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'सर, तुम्ही हे वाचताय का?'

"हे मुद्दाम लिहिलंस?" मावशीने तिच्याकडे तोंड करून विचारलं. खारूताईला ऐकू येत नसे. ती ओठ वाचायची.

"खात्री करून घेतली. गेल्या वेळीही पस्तीसच होते."

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत मोठ्या बाईंसमोर बसल्या.

"आम्ही तिला सगळ्यांत सामावून घेतलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "पहिल्या बाकावर बसवतो, दरवर्षी पास करतो. आणखी काय हवं?"

"पेपर तपासून हवाय."

विज्ञानाच्या सरांनी चष्मा पुसला. "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. खरंच नापास झाली, तर खास शाळेत पाठवा असा शेरा मारावा लागेल. आम्ही दया दाखवली, आणि तुम्ही आमच्यावरच डोळे वटारता?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खास शाळा नव्वद किलोमीटरवर होती. म्हणजे वसतिगृह, आणि महिन्यातून एकदा भेट. सरांचे ओठ खारूताईने शेवटच्या शब्दापर्यंत वाचले होते. तिने टेबलावरचं लाल पेन उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

सर तपासत गेले. मध्येच थांबले, मागचं पान उलटून पुन्हा पाहिलं.

"बावन्न," ते पुटपुटले.

"बघा, उगाच काळजी करत होतात," मोठ्या बाई म्हणाल्या.

"चुका कुठे आहेत?" मावशीने विचारलं.

चौथा प्रश्न सोडला, तर पाचही चुका चुंबकाच्या धड्यातल्या होत्या.

"तो धडा सरांनी फळ्याकडे तोंड करून शिकवला," खारूताई म्हणाली. "मला नुसती पाठ दिसत होती."

"चाळीस मुलं असतात वर्गात, ताई," सर मावशीला म्हणाले.

"मान वळवायला किती वेळ लागतो, सर?" मावशी म्हणाली.

सरांनी पेनाला टोपण लावलं. चौथ्या प्रश्नापुढे त्यांनी शून्य दिलं होतं. त्यावर बोट ठेवून खारूताई म्हणाली, "हे वाचलंत."

गणितात ती कच्ची होती, हे मावशीला माहीत होतं. तरी तिने गणिताचा पेपर टेबलावर सरकवला.

"गणित माझ्याकडे नाही," सर म्हणाले.

"मग ज्यांच्याकडे आहे त्यांना बोलवा. आम्ही बसलोय."