तिघींमध्ये एकच जोड

मी एक जुनी वहाण आहे, डाव्या पायाची. शेवटचा टाका घालताना मोचीकाकांनी मला बजावलं होतं, "पोरी, त्या घरात बायका तीन आणि मालकाने जोड सांगितलाय एकच. तू पायातली वहाण नव्हेस, दाराचं कुलूप व्हायला चाललीस." मी मनातल्या मनात हसले. माझं कातडं मऊ, पट्ट्यावर रेशमी फूल. मला कोण कुलूप म्हणणार?

त्या घरात सासूबाई, थोरली सून आणि धाकटी सून होत्या. बाईमाणसाने रस्त्यावर अनवाणी पाऊल टाकलं की घराची अब्रू गेली, अशी तिथली रीत. जोड एकच, म्हणजे एका वेळी एकीनेच बाहेर पडायचं. आम्ही दोघी वहाणा मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, बैठकीतल्या फळीवर असायचो. जिला जायचं तिने समोर उभं राहून कुठे, कशाला, कधी परत, सगळं सांगायचं. मग ते आम्हाला खाली काढत. लोक म्हणत, "सुना असाव्यात तर अशा, उंबऱ्याबाहेर दिसत नाहीत." मित्रांनो, खोटं कशाला सांगू, ते ऐकून मीही फुगायचे.

माझं माप सासूबाईंच्या पायाचं. धाकटीची टाच मागे दोन बोटं बाहेर राही. थोरली चेष्टा करायची, "तुझी टाच मागेच राहायचं म्हणतेय गं." धाकटीचं माहेर तीन गल्ल्या पलीकडे होतं, पण वर्षातून दोनदा जाणं झालं तरी खूप.

तिची मुलगी चार महिन्यांची असताना निरोप आला. आईचं काही खरं नाही, नातीला एकदा बघायचं म्हणते.

"मामंजी, जाऊन येते," धाकटी म्हणाली.

"डावीचा पट्टा तुटलाय. बाजाराच्या दिवशी मोची येईल, मग जा."

"त्याला पाच दिवस आहेत."

"मग? पाच दिवसांत आभाळ कोसळतंय का?"

तिने मला गुपचूप फळीवरून काढलं, दाभण घेतलं आणि ती स्वतः शिवायला बसली. बोटाला दोनदा टोचलं. थोरलीने तेवढा वेळ बाळ धरलं आणि हळूच म्हणाली, "जा तू. इथलं मी बघते."

दोन गल्ल्या नीट गेल्या. तिसरीच्या तोंडाशी दोरा तुटला आणि मी मागे रस्त्यावर पडले. माहेरचं दार समोर दिसत होतं. वीस-बावीस पावलं. दारात तिची धाकटी बहीण उभी होती. त्या घरातही जोड एकच, आणि तो घालून वहिनी वैद्याकडे गेली होती, त्यामुळे तिलाही बाहेर येता येईना.

"ताई, तशीच ये," बहीण म्हणाली.

"तशी कशी येऊ? ओट्यावर माणसं बसलीत."

धाकटी एका पायरीवर बसली. बाळ मांडीवर. पदराची चिंधी फाडून ती पट्टा बांधू लागली. गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. मी मनात म्हणत होते, टाक मला, जा. पण वहाणेला तोंड कुठे असतं? तिसरी गाठ टिकली.

ती आत गेली आणि तिने बाळाला आईच्या कुशीत ठेवलं. आईचा हात हलला नाही.

"आत्ता विचारत होती," बहीण म्हणाली, "आली का म्हणून."

लोकांनी मात्र वाखाणलं. एवढ्या घाईतही बाईने रीत सोडली नाही म्हणाले.

पुढे काळ बदलला. घरात प्रत्येकीला स्वतःचा जोड आला. उजवीला उंदरांनी कुरतडलं, आणि धाकटीच्या मुलीने मला या संग्रहालयात दिलं. माझ्या एका बाजूला जेमतेम चार बोटं लांबीचा रेशमी जोडा आहे. तो घालता यावा म्हणून कुणा चिमुरडीचे पाय वर्षानुवर्षं आवळून बांधले होते. दुसऱ्या बाजूला श्वासही पुरता घेऊ न देणारा कमरेचा ताठ पट्टा आहे. आम्ही दूरदूरच्या देशांतून आलो. एकमेकांशी बोलत नाही. मुलं काचेला नाक लावतात, "एकच चप्पल?" म्हणतात आणि पुढे जातात.

मुलीने धाकटीला तिच्या मापाच्या वहाणा आणून दिल्या होत्या. धाकटी म्हणाली, "छान आहेत. पण मला आता कुठे जायचंय?"

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा तुमच्या जिन्यावरच्या शेजारघरात अशी एखादी असेल. आता फळी नाही, मामंजी नाहीत, तरी ती दरवेळी म्हणते, "तुम्ही जा, मी घर बघते." तिच्याकडे आजच जा. ती "मी बरी आहे" म्हणाली तरी लगेच उठू नका. जरा बसा, आणि तिला कुठे जायचं राहिलंय ते विचारा.