घरघंटीच्या पोटातलं पार्सल

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका, ओळख मग करून देते. आमच्या घरचा नितेश रोज सकाळी चहाचा कप आणून माझ्या डोक्यावर ठेवतो. खाली बशी नाही, फडकं नाही. आणि मग तिथेच उभा राहून मोबाइलमध्ये सेल शोधतो. ह्या बँकेचं कार्ड वापरलं तर किती सूट, त्या कार्डावर किती, जुनं दिलं तर नव्यावर किती. चहा निवून जातो, कप तसाच राहतो आणि माझ्या पांढऱ्या अंगावर गोल डाग उमटतो. चाळिशीला आलेल्या माणसाला कप कुठे ठेवावा हे कळत नाही, आणि हा साऱ्या भटवाडीला सांगत फिरतो की कुठली वस्तू कुठे स्वस्त मिळते!

असो. मी घाटकोपरच्या भटवाडीतली एक जुनी घरघंटी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते, घरघंटी म्हणजे घरात चालवायची विजेची गिरणी. लहानशा कपाटासारखी दिसते. वरच्या तोंडात धान्य ओतायचं, खाली पोटात डबा असतो, त्यात पीठ पडतं. माझा जन्म राजकोटच्या कारखान्यातला. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. बोलायला शिकले ती या घरच्या रत्नप्रभाकडून, आणि ती पडली मालवणची. तेव्हा माझी जीभ तुम्हाला तिखट लागली तर बोल तिला लावा.

रत्नप्रभा म्हणजे नितेशची आई. मला आणलं तिनेच, तेही गुढीपाडव्याचा मुहूर्त धरून. दुकानदार वॉरंटीचं बोलायला लागला तर म्हणाली, "कागद मागाहून दाखवा. आधी मूठभर तांदूळ दळून दाखवा." त्याने दळले. तिने पीठ दोन बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला, आणि मान डोलावली. घरी आल्यावर मला हळदकुंकू लावलं, माझ्यापुढे नारळ फोडला. आताच्या वस्तूंना असं स्वागत मिळतं का? खोका फाडतात, फोटो काढतात, झालं.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. घावनाचं तांदळाचं पीठ, दिवाळीची भाजणी, आणि मालवणी वड्यांचं जाडसर पीठ, ज्यात धणे, मेथी, बडीशेप पडते. ते दळताना मजला दरवळायचा. शेजारणी डबे घेऊन दारात उभ्या राहायच्या. "रत्नप्रभाकाकी, तुमच्या घरघंटीचं पीठ हाताला वेगळंच लागतं हो," असं म्हणायच्या. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण ऐकायचे.

दुपारचं दळण झालं की माझा आवडता वेळ यायचा. रत्नप्रभाचे यजमान चंद्रप्रकाश, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, ते वाचनालयातून आणलेलं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसायचे आणि मोठ्याने वाचायचे. रत्नप्रभा पीठ चाळता चाळता ऐकायची. तिला स्वतःला वाचायला जड जातं. अक्षर जोडेपर्यंत गोष्ट पुढे पळून जाते म्हणते. पण गोष्टीतल्या माणसांना शिव्या घालण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. "मेला, सांगितलं होतं ना त्याला तिच्या दारात जाऊ नको म्हणून!" आप्पा हसायचे, चष्मा पुसायचे आणि पुढचं पान उलटायचे. मला जी काही अक्कल आहे ती त्या दुपारींची.

पुढे दिवस फिरले. पिठाची पाकिटं दहा मिनिटांत दारात येऊ लागली. मला कोपऱ्यात सरकवलं. माझ्या पोटात कोणी डोकावेना. त्याचं मी फार मनाला लावून घेतलं नाही. म्हातारी किती हवीहवीशी वाटावी यालाही मर्यादा असते. पण दुसरी एक गोष्ट मला लागली. आप्पांचे डोळे अधू झाले. पुस्तकातलं अक्षर मुंग्यांसारखं हलतं म्हणाले. भिंग आणलं, त्याने डोकं दुखायचं. मोबाइलवर वाचायला घेतलं तर त्या उजेडाने डोळ्यांतून पाणी. वाचन थांबलं. दुपारी स्वयंपाकघरात नुसता फ्रीज गुरगुरू लागला.

तेव्हा नितेशची बायको जान्हवी म्हणाली, "आप्पांना ई-रीडर घेऊ या. पाटीएवढा असतो, आत पुस्तकंच पुस्तकं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि डोळ्यांवर चमकत नाही. माझ्या ऑफिसातल्या श्वेताने तिच्या वडिलांना घेतलाय."

नितेशचे डोळे लकाकले. शिकाऱ्याला जंगल मिळालं. "थांब, भाव बघतो," म्हणाला.

आणि बघतच राहिला. पाडव्याला म्हणाला, पंधरा ऑगस्टच्या सेलमध्ये पडेल. पंधरा ऑगस्टला पडला, तर म्हणाला, गणपतीत अजून पडेल. गणपतीत ई-रीडर राहिला बाजूला आणि घरात एअर फ्रायर आला, कारण "अगं, निम्म्यात मिळत होता!" त्याच भरात एक टॅबही कार्टमध्ये टाकला होता. जान्हवीने तो काढायला लावला. "आप्पांच्या डोळ्याला पाणी येतं म्हणून आपण दुसरं काही शोधतोय ना रे? मग टॅब कशाला?" आप्पा दुपारी स्वयंपाकघरात यायचे, थोडा वेळ बसायचे आणि उठून जायचे.

मग आला पितृपक्ष. भाद्रपदातला हा पंधरवडा पूर्वजांचा. आमच्यासारख्या कोकणातल्या घरांत त्यात नवीन काही घेत नाहीत. रत्नप्रभा तर नवी केरसुणीसुद्धा आणत नाही. आणि वर्षाचा सगळ्यात मोठा सेल नेमका त्याच पंधरवड्यात सुरू झाला. ई-रीडरचा भाव असा कोसळला की नितेशला रात्रभर झोप लागली नसावी. सकाळी कप माझ्या डोक्यावर आदळला तेव्हाच मी ओळखलं, हा काहीतरी करणार.

केलंच. आईच्या नकळत मागवलं. पार्सल आलं तेव्हा रत्नप्रभा मंदिरात गेली होती. हा खोका हातात धरून घरभर फिरला. कपाटात ठेवावा तर आई उघडते. माळ्यावर ठेवावा तर आई चढते, या वयातही. मग माझ्याकडे वळला. "हिला कोण उघडतंय," असं पुटपुटला, माझं दार उघडलं आणि खोका पिठाच्या डब्यात घातला.

हिला कोण उघडतंय! अरे बाबा, तू सकाळी ऑफिसात जातोस म्हणून तुला ठाऊक नाही. पाकिटातलं पीठ या घरात वर्षभर चालत असेल, म्हाळाला चालत नाही. म्हाळ म्हणजे पितरांचं श्राद्ध. त्या दिवशीच्या वड्यांचं पीठ रत्नप्रभा माझ्याकडूनच दळून घेते. पितरांना पाकिटातलं खायला घालायला ती काय मेली आहे? मी सांगणार तरी कशी? दार उघडं असलं किंवा बटण बंद असलं की माझा आवाजच बंद होतो, तशी रचनाच आहे.

म्हाळाच्या आदल्या दुपारी तिने तांदूळ, डाळी, धणे भाजून गार केले. पदर खोचला, ओलं फडकं घेतलं आणि माझं पोट पुसायला दार उघडलं. खोका बाहेर आला. नेमका त्या दिवशी नितेश घरूनच काम करत होता.

"नितेऽऽश!"

कानातली यंत्रं काढत तो धावत आला. मागोमाग जान्हवी.

"ह्या काय हाडलंस?" रत्नप्रभा रागावली की थेट मालवणीत शिरते. "पितरपाखात नवीन वस्तू? आणि ठेवलंस खंय, म्हाळाचां पीठ पडता थंय?"

"आई, घेतलं नाहीये गं. नुसतं ऑर्डर केलंय. उघडणार दसऱ्यालाच."

"पैशे दिलंस मा?"

"दिले."

"मग घेतलंस. पितर काय आंधळे आसत?"

जान्हवी हळूच म्हणाली, "पण आई, दसऱ्यापर्यंत न उघडता ठेवलं तर परत करायची मुदत संपून जाईल. आत बिघडलेलं निघालं तर काय करायचं?"

"मग आजच परत कर. दसऱ्याक घे नवीन."

"दसऱ्याला हा भाव नसेल ना यार!" नितेश कळवळला. "परत केलं तर मग दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावं लागेल."

तोवर आप्पा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी खोका पाहिला. जवळ आले, त्यावर बोटं फिरवली, वरची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"दिवाळी," ते म्हणाले. "पाडव्याला पंधरा ऑगस्ट म्हणालास. पंधरा ऑगस्टला गणपती म्हणालास. मला घाई नाही रे बाबा. पण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे ती नजर आहे तोवर वापरा. पुढचं त्यांनाही सांगता येत नाही."

नितेश जमिनीकडे पाहत राहिला. रत्नप्रभाने खोका उचलून देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवला, माझं पोट पुसलं आणि दळण लावलं. त्या दिवशी मी फार जपून दळलं. ती विचार करत असली की मध्ये खडखडाट केलेला तिला खपत नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाळ झाला. वडे फुगले, खीर झाली, आप्पांच्या वडिलांच्या नावाने पान वाढून झालं. आप्पांचे वडील कापडगिरणीत कामाला होते. मी त्यांना पाहिलं नाही, पण फोटोतल्या मिशा पाहिल्यात. नैवेद्य दाखवून झाल्यावर रत्नप्रभाने तो खोका आणून पानाजवळ ठेवला.

"म्हाळाला जेवायला येणाऱ्याला आपण काय देतो?" तिने विचारलं.

"दक्षिणा," नितेश म्हणाला.

"आणि?"

"छत्री. चपला. पंचा."

"ते काय जुने देतो? कोणाच्या पायातल्या चपला काढून देतो?"

नितेशने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे पितरपाखात आपल्यासाठी घ्यायचं नसतं. मामंजींच्या नावाने द्यायला कोण नको म्हणतंय? दे हे मामंजींच्या नावाने. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला."

आप्पा चमकले. "अगं, श्राद्ध मी घातलं आणि दान पण मीच घेऊ? लोक काय म्हणतील?"

"लोकांना वडे पाठवलेत, ते खातायत. तुम्ही गप बसा. देणारा तुम्ही नाही, नातू देतोय. नितेश, हातावर पाणी घे."

नितेशने आज्ञाधारकपणे पाणी घेतलं, सोडलं आणि खोका बापाच्या हातात दिला. मग त्याला काहीतरी आठवलं. "आई, खराब निघालं तर परत करता येईल ना?"

"दिलेलं दान परत घेतात काय रे मेल्या?"

त्याचं तोंड असं झालं की जान्हवीला पदराआड हसावं लागलं.

खोका तिथेच उघडला. नितेशच्या नशिबाने वस्तू धडधाकट निघाली. जान्हवीने आत एक पुस्तक घातलं, अक्षर मोठं केलं, अजून मोठं केलं, इतकं की पानावर जेमतेम पाच-सहा ओळी मावल्या. आप्पांनी ते हातभर लांब धरलं, जवळ घेतलं, पुन्हा लांब धरलं. ओठ हलले. मग आवाज आला. एका खलाशाची गोष्ट होती. आधी अडखळत, मग जरा सरळ. दुसऱ्या पानापर्यंत खलाशाने बायकोला न सांगता घर विकलं आणि रत्नप्रभाने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. आप्पा हसले, डोळे पुसले आणि बोटाने पान पुढे सरकवलं.

त्यानंतर दर दुपारी वाचन होतं. डोळे दमले की आप्पा थांबतात, पण सोडत नाहीत. आता रोजच्या भाकरीचं पीठसुद्धा मीच दळावं असं रत्नप्रभाने ठरवलंय, कारण तेवढंच स्वयंपाकघरात बसायला निमित्त. माझं बरं चाललंय, मित्रांनो. खोटं कशाला सांगू?

दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांना झेंडूचं फूल वाहिलं, मलाही. नितेशला तांदूळ ओतायला बसवलं होतं. एका हाताने ओतत होता, दुसऱ्या हातात मोबाइल. एकदम ओरडला, "वाट लागली! जान्हवी, बघ ना! आज अजून कमी झालाय भाव! आपण थांबायला हवं होतं!"

जान्हवी म्हणाली, "गप रे, आप्पा ऐकतील."

"अगं पण केवढा फरक आहे! म्हणजे आपण फसलोच ना?"

माझं दार बंद होतं, बटण चालू होतं, तोंडात तांदूळ होते. आयुष्यभर या घरात दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, त्या दिवशी मात्र मी पूर्ण आवाजात बोलले.

"हिचा पट्टा सैल झालाय वाटतं," नितेश म्हणाला, "किती घरघरते बघ."

पट्टा घट्ट आहे माझा. ऐक, नितेश. स्वस्त शोधतोस ते वाईट नाही, घर त्यानेच चालतं. पण म्हाळापासून आजपर्यंत तुझ्या बापाने जेवढी पानं वाचली ना, ती आज कुठल्या सेलमध्ये किती सूट देऊन मिळतायत, ते तुझ्या त्या मोबाइलला विचार आणि मला येऊन सांग. मिळाली तर तू फसलास. नाही मिळाली तर मुकाट्याने तांदूळ ओत, आणि हा कप उचल माझ्या डोक्यावरून.